बिनमालकाची सावली

खान्देशात सावली ही स्थावर मालमत्ता आहे. सातबाऱ्यावर तिची नोंद नसते एवढंच. बाकी ताबा, वहिवाट, हद्दीवरून कुरबुरी, सगळं असतं. आमच्या जळगावच्या कॉलनीतल्या कडुनिंबाखालची एप्रिलमधली सावली घ्या. सकाळी नऊपर्यंत ती भाजीच्या लोटगाडीची. नऊ ते अकरा समोरच्या क्लासला येणाऱ्या पोरांच्या स्कूटींची. मग पार्सलं वाटणारा मुलगा, बांधकामावरच्या बाया आपापले डबे घेऊन आणि दोन कुत्री. सावली सरकते तशी ही मंडळीही सरकतात. कुत्री सगळ्यांच्या आधी सरकतात. ऊन पुढे कुठं जाणार हे त्यांना पंचांगाशिवाय कळतं. घराच्या उत्तरेच्या भिंतीलगत जी दोन हात रुंद पट्टी उरते, तिच्यावर कूलर, पाण्याची टाकी, गॅसचं रिकामं सिलिंडर आणि सासऱ्यांची बाज यांचा वडिलोपार्जित हक्क. फुलझाडाचा नंबर या रांगेत कुठं लागतो? लागतच नाही. फुलझाडानं उन्हात उभं राहावं, अशी आमच्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. पाणी मिळतंय ना, मग झालं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे नणंदेच्या मुलीनं इंग्लंडातून पाठवलेला एक फोटो. ती लीड्सला असते. जानेवारीचा फोटो, झाडं निष्पर्ण, जमिनीवर कुजकी पानं, आणि त्या पानांतून वर आलेली वीतभरही उंची नसलेली गुलाबी फुलं. पाकळ्या सगळ्या मागं दुमडलेल्या. समोरून वारा सुटलाय आणि त्यांना आवरता येत नाहीये, असं काहीतरी. खाली तिनं लिहिलं होतं, ‘मामी, हे सायक्लामेन. आमच्या घराच्या उत्तरेला सावलीचा कोपरा आहे, तिथं काही म्हणता काही येत नाही. सगळ्यांचाच हा प्रॉब्लेम असतो. त्यावर हा उपाय.’

मी ते दोनदा वाचलं. सावलीच्या कोपऱ्याचं करायचं काय, हा प्रश्न पडायला माणसानं किती उत्तरेला जावं लागत असेल! लीड्स जवळजवळ 54 अक्षांशावर आहे. तिथं डिसेंबरच्या ऐन दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 13 अंश वर येतो. म्हणजे दहा फूट उंच भिंतीची सावली चाळीस फुटांच्याही पुढं जाते. परस तेवढा लांब नसला तर ती मागच्या घराच्या परसात शिरते. अशा मुलखात सावलीला कंटाळतात यात नवल नाही. आमच्या 21 अक्षांशावर त्याच दिवशी त्याच वेळी भिंत जेवढी उंच, तेवढीच तिची सावली लांब. सरळ हिशेब. देणं-घेणं काही बाकी नाही.

सायक्लामेनबद्दल मग मी वाचून काढलं. आमच्याकडे थंडीत फुलांच्या प्रदर्शनात आणि मोठ्या नर्सऱ्यांमध्ये कुंडीतलं, टपोऱ्या फुलांचं जे सायक्लामेन दिसतं ते निराळं, पूर्व भूमध्य समुद्राकाठचं, जरा नाजूक. फोटोतलं बारकं म्हणजे ‘कूम’. त्याचं मूळ गाव काळ्या समुद्राच्या आसपास, तुर्कस्तान आणि कॉकेशसकडे. याचा चपटा गड्डा जमिनीत असतो आणि अख्खा उन्हाळा तो झोपून काढतो. वर पानसुद्धा ठेवत नाही. पावसाळा त्या बाजूला हिवाळ्याच्या तोंडाशी येतो. तो आला की पानं फुटतात, वरच्या झाडाची पानं तोवर गळलेली असतात, त्या उघड्या फांद्यांतून जो तिरपा उजेड खाली येतो त्यावर याचं भागतं. बर्फ पडलं तर पानं माना टाकतात आणि बर्फ वितळलं की परत उचलतात. वसंतात झाडाला पालवी येऊन खाली अंधार झाला की हा गडी पुन्हा आत. सगळे दमलेले असताना कामाला लागायचं आणि गर्दी झाली की निघून जायचं. ऑफिसात असा एक जण हवाच.

झोपेची ही पद्धत आपल्याला परकी नाही. सातपुड्यातली सफेद मुसळी काय वेगळं करते? जूनच्या पावसात पानं वर काढते, दिवाळीच्या आसपास पिवळी पडते आणि पुढचा पाऊस येईपर्यंत जमिनीत मुळं गुंडाळून पडून राहते. कळलावीचंही तेच. फरक कॅलेंडरचा. त्यांचा पाऊस थंडीबरोबर येतो, आपला थंडीच्या आधी येऊन जातो. म्हणून आपले गड्डे थंडीत झोपलेले असतात आणि त्यांचे फुललेले.

माझं माहेर धुळ्याचं. थंडीतलं झाड म्हटल्यावर धुळ्याला विचारायलाच हवं. जळगाव आणि धुळे यांच्यात एक न बोललेला करार आहे: उन्हाळ्याचा मान जळगाव-भुसावळचा, थंडीचा धुळ्याचा. मे महिन्यात आमचा आकडा 45 च्या पुढं गेला की आम्ही तो पाहुण्यांना कौतुकानं सांगतो. आणि जानेवारीत धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा 6 अंशांच्या आसपास उतरला की माझा भाऊ सकाळी सकाळी फोन करतो. स्वतः रजईत असतो, पण आवाजात पराक्रम असतो. पलीकडे सातपुड्यात डाबसारख्या पाड्यांवर दव गोठल्याच्या बातम्या आल्या की तो जरा खट्टू होतो, कारण तो जिल्हा आता नंदुरबार झाला. तर भावाला फोटो दाखवला. धुळ्याच्या थंडीत हे जगेल का, असं विचारलं. त्यानं बराच वेळ पाहिला आणि अहिराणीत निकाल दिला, “हाई झाड आठे जगनार नही. मे महिनामा त्याना उकडेल बटाटा व्हयी.”

यापुढं शास्त्रानं सांगण्यासारखं थोडंच उरतं, पण तेही सांगते. आमच्या उत्तरेच्या पट्टीची गंमत अशी की थंडीत तिथं ऊन औषधालाही नसतं, आणि ज्या दिवसांत नको त्या दिवसांत नेमकं येतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य आमच्या बरोबर डोक्यावर येतो. दुपारी क्षणभर खांबाची सावली खांबाच्या पायाशीच नाहीशी होते. त्यानंतर जुलैच्या मध्यापर्यंत तो आमच्या किंचित उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळ तर बराच आधीपासून ईशान्येला उगवून वायव्येला मावळत असतो. म्हणजे वर्षभर सावलीचा टेंभा मिरवणारी भिंत नवतप्याच्या नऊ दिवसांत समोरून भाजून निघते. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडणार, पावसाळ्यात तीच फुगून पाणी धरून बसणार. उन्हाळ्यात कोरडी, गाढ झोप मागणाऱ्या गड्ड्याला आधी भाजायचं आणि मग जुलैत चिखलात बुडवायचं, हा पाहुणचार नव्हे.

कुंडीतलं सायक्लामेन मात्र डिसेंबरात इथं आणणारे आहेत. रात्री 10 ते 15 अंशांच्या आत-बाहेर असतात तोवर ते खुशीत असतं. होळी जवळ आली की पानं पिवळी पडतात, आणि घरातली माणसं ‘मेलं’ म्हणून कुंडी रिकामी करतात. ते मेलेलं नसतं, निजलेलं असतं. पण मार्च ते जून त्याला गारव्यात निजवायचं कुठं? गार खोली घरात एकच, कूलरची, आणि तिथं आम्हीच निजतो.

असो. या सगळ्या विचारात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती लीड्सवाल्यांना कळण्यासारखी नाही. आमच्याकडे सावलीला मालक असतात हे खरं, पण बाराही महिने नाही. दिवाळी सरली, सकाळी तोंडातून वाफ निघू लागली, की सगळी मंडळी एकमुखानं सावली सोडतात. बाज उन्हात जाते. लोटगाडीवाला रस्त्याच्या पलीकडच्या, उन्हाच्या कडेला उभा राहतो. कुत्री गच्चीच्या पायऱ्यांवर पसरतात. धुळ्यात आमच्या गल्लीतल्या ओट्यांवर ऊन खायला बसणाऱ्या म्हाताऱ्यांच्या जागा ठरलेल्या असत. 1818 नंतर इंग्रज अंमल आला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्जनं धुळ्याला ठाणं केलं आणि सरळ रेषेत रस्ते आखून पेठ वसवली. आजही गल्ल्यांना नावं कमी आणि नंबर जास्त. कुणाच्या ओट्यावर ऊन किती वाजता पोचणार हे मात्र त्या नंबरांवर लिहिलेलं नसलं तरी सर्वांना पाठ. तिथं हळू आवाजात राजकारण आणि मोठ्या आवाजात गुडघेदुखी चालायची. या मोसमात शेतावर पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजून भरिताच्या पंगती बसतात, मेहरूणची बोरं बाजारात येतात, आणि हे सगळं होतं ते उन्हात. केळीवाले तेवढे आभाळाकडे बघत असतात, कारण पारा फार उतरला की केळीचं नवं पान अडकतं, घड नीट बाहेर पडत नाही. बाकी सगळा जिल्हा ऊन खात असतो.

तर अशा दिवसांत सावली ओस पडते. बेवारस. दोन-अडीच महिने तिच्यावर कुणाचा दावा नसतो. आणि बरोबर त्याच काळात, कुणी न बोलावता, तिथं कोरांटी फुलते.

कोरांटीबद्दल आजवर कुणी मला फोटो पाठवलेला नाही. नर्सरीतही ती सहसा विकायला नसते. जी वस्तू कुंपणावरून मागून मिळते तिला कोण पैसे देणार? वर्षातले आठ महिने ती फुलझाड आहे हे कुणाला आठवतही नाही. हिरवं, खरखरीत, कंबरेएवढं झुडूप. पाहुणा तिच्यावर ओला टॉवेल टाकतो. दसऱ्यानंतर मात्र शेंड्याला कळ्या धरतात आणि मग संक्रांतीपर्यंत सकाळी उठावं तर रोज नवी फुलं. पांढरी, फिकट जांभळी, आणि एक जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची. वास अजिबात नाही. काटेरी पिवळी कोरांटी बांधावर, कुंपणाला. तिला वज्रदंती म्हणतात आणि दात हलणाऱ्यांना तिचा जुना आधार. जुन्या बायका पानं चावायच्या. आता तीच वज्रदंती ट्यूबमधून येते. लिनिअसनं 1753 मध्ये या दोन्हींना शास्त्रीय नावं दिली तेव्हा जाक बारेलिए नावाच्या सतराव्या शतकातल्या एका फ्रेंच धर्मगुरूच्या स्मरणार्थ आधीच पडलेलं बार्लेरिया हे घराण्याचं नाव त्यानं कायम ठेवलं. ज्या माणसाचा खान्देशाशी काडीचा संबंध नाही त्याचं नाव आमच्या बांधावर उभं आहे, आणि बैल ते खात नाहीत, एवढी एकच त्याची इथली नोंद.

कालिदासानं मात्र कदर केली. मेघदूतात अलकानगरीतल्या स्त्रियांच्या अंगावर त्यानं एकाच श्लोकात सहा ऋतूंची फुलं घातली आहेत आणि केसांत ताजा कुरबक खोवला आहे. कुरबक म्हणजे कोरांटीच, असं मानणारे पुष्कळ. अडचण अशी की तिथं कुरबक येतो तो वसंताचा प्रतिनिधी म्हणून. आमच्या कोरांटीला हे कुणी कळवलेलं नाही. वसंत येईपर्यंत ती आटोपून, वाळक्या बोंडांचा ढीग अंगावर घेऊन उभी असते. अलकेत सगळेच ऋतू एकदम नांदतात म्हणे, त्यामुळे तिथं चालून गेलं असेल. यावलकडे नसतं चाललं. आणि बालकवींची मला नेहमी गंमत वाटते. माणूस जन्मला धरणगावात, लिहिली ‘फुलराणी’. त्या कवितेतली हिरवळ त्यांनी पाहिली असेल तर आषाढ-श्रावणातच. पौषात ते धरणगावच्या एखाद्या परसात डोकावले असते तर मराठीला एक कोरांटीची कविता मिळाली असती, जरा खरखरीत.

करायचं काय तिला? खरं तर काहीच नाही, पण काहीच न करण्यातही पद्धत असते. फुलं संपली की फेब्रुवारी-मार्चात गुडघ्याच्या खाली छाटायची. दया दाखवली तर पुढच्या वर्षी खाली नुसती लाकडं आणि वर चार फुलं. उन्हाळ्यात ती जिवापुरती पानं धरून उभी राहते. आमच्याकडे कूलरच्या तळातून जे पाणी ठिबकतं ते तिच्या बुंध्याशी पडतं, तेवढ्यावर तिचा मे निघतो. जळगाव हे ठिबक सिंचनाचं गाव. उरलेल्या लॅटरल नळीचा तुकडा ज्याच्या घरात नाही असं घर सापडायचं नाही, आमच्याकडे तर त्यावर कपडे वाळतात. पण कोरांटीला कुणी ड्रीपर लावल्याचं माझ्या पाहण्यात नाही, गळका कूलर हाच तिचा ड्रीपर. पाऊस लागला की फांदी तोडून खोचायची. अगदी गच्च अंधारात लावू नये. तिथं ती लांबुडकी होते आणि फुलायची टाळाटाळ करते. भिंतीवरून परावर्तन होऊन येतो तेवढा उजेड तिला पुरे. पानांवर अळ्या दिसल्या तर फवारा उचलू नये, फुलपाखरांची पोरं असतात ती. आमच्या सासूबाई त्यांना ‘भाडेकरू’ म्हणतात आणि पाडव्यापर्यंत राहू देतात.

सावलीत अळूही येतो, मोरीच्या पाण्यावर तो हत्तीच्या थाटात डुलतो, पण त्याची वडी होते, फूल नाही. अबोली येते, आणि ती कोरांटीच्याच मोठ्या कुळातली. मात्र तिला रोजचं पाणी, ओली माती आणि कोकणासारखी हवा लागते. दोन दिवस गावाला गेलं की रुसते. खान्देशात राहायचं तर इतकं नाजूक असून चालत नाही.

सायक्लामेन आणि कोरांटी यांचा खरा फरक फुलांत नाही, पोरं वाढवण्यात आहे. ‘कूम’चं फूल गळलं की देठ वेटोळं घालत घालत बोंडाला जमिनीपाशी ओढून घेतो. महिनोन् महिने ते तिथं मातीशी टेकून पिकत राहतं. बियांवर गोडसर चिकट लेप असतो. उन्हाळ्यात मुंग्या येतात, लेपाच्या लोभानं बी उचलून नेतात आणि आपलं खाणं झालं की बी टाकून देतात. आईच्या पदराखालून थेट मुंग्यांच्या स्वाधीन. फार लांब जाणं नाही. कोरांटीचा स्वभाव वेगळा. तिचं बोंड वाळून ताणलेलं असतं. ऊन तापलं की ‘चट्’ आवाज करून फुटतं आणि आतले बारीक आकडे बियांना चांगले काही हात लांब भिरकावतात. फेब्रुवारीतल्या दुपारी घरात शांतता असेल तर हा आवाज ऐकू येतो. बी पडेल तिथं पडून राहतं. पहिल्या पावसात भिजलं की त्याच्या अंगावरची लव बुळबुळीत होऊन मातीला चिकटते, मग वाहून जायची भीती नाही. मूल मोठं झालं, जा आता, कुठंतरी बस्तान बांध. खान्देशातून पुण्या-मुंबईला, सुरतेला गेलेली पोरं बघितली की वाटतं, ही तऱ्हा आमचीच.

भाची डिसेंबरात आली होती. सगळे गच्चीवर उन्हात शेंगा फोडत बसलेले, आणि ही उत्तरेच्या पट्टीत खुर्ची टाकून एकटी. “मामी, एवढी छान जागा, आणि इथं कुणीच कसं बसत नाही?” सासूबाईंनी वरून आवाज दिला, “अगं ए, पडसं होईल, वर ये.” ती बसून राहिली. जांभळी कोरांटी तिला फार आवडली. बी नेऊ का, असं विचारलं आणि स्वतःच म्हणाली की तिकडं बी न्यायला वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं, उगीच भानगड नको. तसंही तिथं तिला घरात, खिडकीतल्या उन्हाच्या जागेवर ठेवावं लागलं असतं, कारण बाहेर हिमानं राहिली नसती. आणि ती जागा तिच्या मांजराची आहे म्हणे. म्हणजे तिकडं उन्हाला मालक आहेत.

आता एक निकाल लागायचा आहे. मधल्या भिंतीपलीकडे, शेजारच्या काकांच्या आवारात, यंदाच्या पावसात तीन रोपं उगवली. काकांनी ती उपटली नाहीत, पण मला बोलावून घेतलं. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, कागदाला पक्के. म्हणाले, “वहिनी, बी तुमचं, माती आमची, आणि वर सावली पडते ती तुमच्या भिंतीची. मग हे झाड कुणाचं?” मी म्हटलं, तुम्हीच ठरवा. त्यांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. एवढ्याशा रोपावरून ती जांभळी आहे की बांधावरून आलेली काटेरी पिवळी, हे काही सांगता येईना. शेवटी उठत म्हणाले, “फुलं जांभळी निघाली तर आमची. काटे निघाले तर तुमची, येऊन घेऊन जा.”